रोजचा एक रुपया

गेल्या आश्विनांत आमच्या अक्काचा निरोप आला कीं, एक कागद भरावयाचा आहे, तो येथें कोणाला उमगत नाहीं, तेव्हां तूं एक दिवस येऊन जा. आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे प्राध्यापक. पदवीच्या वर्गांना कठीण उतारे सोपे करून सांगण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं. तेव्हां सरकारी अर्जाचें एक पान तें काय, असें मनाशीं म्हणत आम्ही पुण्याहून निघालों. अक्का आमच्याहून पांच वर्षांनीं मोठी. तिनें आजवर आमच्यापाशीं कांहीं मागितलें नव्हतें, आणि मागितलें तें आमच्या विद्येच्या प्रांतांतलें. यामुळें प्रवासभर आम्हांला थोडें बरें वाटत होतें, हें कबूल केलें पाहिजे.

धाराशिव जिल्ह्यांत (आमच्या लहानपणीं सारे त्यास उस्मानाबाद म्हणत) वाशी तालुक्यांत तेरखेडा नांवाचें गांव आहे. सोलापूरहून बीडकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर येडशी, येरमाळा हीं गांवें मागें टाकिलीं म्हणजे तें लागतें. बालाघाटाच्या माथ्यावरचा हा मुलूख. तेरणा नदीचा उगम याच परिसरांतला. परंतु तेरखेड्याची ख्याति नदीमुळें नाहीं, ती फटाक्यांमुळें आहे. दिवाळी जवळ आली कीं येथें फटाक्यांचीं दुकानें गजबजतात आणि लांबलांबचे लोक वाट वांकडी करून माल नेतात. कौतुकानें या गांवाला महाराष्ट्राची शिवकाशी म्हणतात. कारखान्यांत स्फोट झाल्याच्या वार्ताहि मधूनमधून वर्तमानपत्रांत येतात. परंतु त्या आंतल्या पानावर असतात व दिवाळी पहिल्या पानावर.

अक्काचें घर या गांवापासून दीड कोसावर एका वस्तीवर आहे. आम्ही पोंचलों तेव्हां दाजी अंगणांत बाजेवर बसले होते व त्यांच्यापुढें एक फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी होती. खेड्यांतल्या प्रत्येक घरीं आतां अशी एक पिशवी असते. तींत शिधापत्रिका, आधार, बँकेचें पुस्तक, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सातबारा, कोणाच्या तरी मृत्यूचा दाखला, असें सारें कांहीं सांठविलेलें असतें. देव्हाऱ्याचा मान अर्धाअधिक या पिशवीकडे गेला आहे. छप्पर गळूं लागलें कीं आधीं तिला उचलून कोरड्या जागीं नेतात, मग देवांना.

कागद एक नव्हता, तीन होते. अक्काच्या नातीचें नांव एका दाखल्यावर एक, आधारावर दुसरें, आणि शाळेच्या पटावर तिसरेंच. तिच्या आजोबांची जन्मतारीख सरकारनें परस्पर एक जानेवारी ठरविली होती, कारण त्या पिढींतले बहुतेक लोक सरकारी हिशेबानें एकाच दिवशीं जन्मलेले आहेत. आम्हीं चष्मा पुसला, अर्ज दोनदां वाचला, आणि तिसऱ्यांदा वाचण्याच्या बेतांत असतांना ती दहा वर्षांची पोर आमच्या खांद्यावरून डोकावून म्हणाली, "मामाआबा, हे दोन मास्तर भरत्यात. आपल्याला नुसती इथं सही करायची हाय." आमच्या तीस वर्षांच्या व्यासंगाचें काम असें एका वाक्यांत संपलें.

अर्ज हंगामी वसतिगृहाचा होता. शहरांतल्या वाचकांना हें प्रकरण ठाऊक असण्याचा संभव कमी, म्हणून थोडें सांगतों. दसरा झाला कीं या भागांतलीं कुटुंबें ऊंस तोडण्यासाठीं पश्चिमेकडील साखर कारखान्यांकडे अथवा कर्नाटकांत जातात व उन्हाळा लागतां परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादम तिला आगाऊ रक्कम देतो, तिचें नांव 'उचल'. ती फिटेपर्यंत तोडणी करावयाची. माणसांना त्यांच्या हातांतल्या हत्याराच्या नांवानें मोजण्याची ही रीत परक्या गिरणीमालकांनीं शोधून काढलेली नाहीं. ती आमच्या सहकाराच्या सुवर्णयुगांतली आहे. आईबाप निघाले कीं मुलेंहि निघतात. दिवाळीपूर्वीं वर्गांत चाळीस डोकीं असतात तीं दिवाळीनंतर वीस होतात. त्या मुलांनीं मागें राहावें म्हणून सरकारनें अशी व्यवस्था केली आहे कीं, गांवच्या शाळेच्या समितीनें पांच-सहा महिने त्यांना सकाळ-संध्याकाळ जेवूं घालावें, दुपारचें जेवण शाळेच्या खिचडींत भागावें, आणि रात्रीं मुलानें आजीआजोबांकडे अगर नातलगांकडे निजावें. सरकारी योजनांची थट्टा करणें हा आमच्या वर्गाचा चहाबरोबरचा विरंगुळा आहे व आम्हीहि त्याला अपवाद नाहीं. परंतु ही योजना आखणाऱ्यानें मूल शाळेंतून कां जातें हें नीट पाहिलें होतें, असें म्हणणें भाग आहे. त्याच्या पाहण्यांतून एक गोष्ट मात्र निसटली. ती त्या वेळीं अक्काच्या सुनेच्या मांडीवर निजली होती.

ती म्हणजे आठ महिन्यांचा मुलगा. अंगावर पिणारें मूल मागें ठेवतां येत नाहीं. त्याला फडावर न्यावेंच लागतें. आणि फडावर आई पाचटांत वांकलेली असतां त्याला संभाळावयास कोणी तरी हवें. भाचेसून खालीं मान घालून म्हणाली, "मामा, पोरीला ठिवायची मलाबी लई हौस हाय. पर ह्याला घ्यायला कुणीतरी लागंल का न्हाई?" याला उत्तर नव्हतें. भाचा गप्प होता. मुलगी चुलीपाशीं जाऊन कारण नसतांना भांडीं सारखीं करूं लागली. अक्का आमच्याकडे पाहत होती. परंतु ती आमचें मत विचारीत आहे कीं आणखी कांहीं, तें आम्हांला त्या वेळीं समजलें नाहीं.

येथें आमच्या घरची थोडी हकीकत सांगणें अवश्य आहे. आमचें मूळ गांव याच डोंगरांत, येथून फार लांब नाहीं. वडिलांचें शिक्षण निजामी अमलांत तिसरीपर्यंत झालें व तेथेंच थांबलें, कारण पुढच्या शाळेला तालुक्यास जावें लागे व तेथें सारें उर्दूंत. ते सही उर्दूंत करीत आणि मराठी वर्तमानपत्र बोट फिरवीत वाचीत. १९७२ च्या दुष्काळांत होती ती बैलजोडी गेली, आणि त्यानंतर कित्येक वर्षें आई रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडावयास जाई. अक्का चौथी झाली तें १९७५ साल असावें. पुढच्या जूनमध्यें आमचें नांव शाळेंत घातलें, तेव्हां तिची पाटी आम्हांस मिळाली. तिचा उजवा कोपरा फुटलेला होता. अक्काला अभ्यासाची आवड नव्हती, म्हणून तिनें शाळा सोडली, असें घरांत नेहमीं सांगत. आम्हीहि तेंच सांगत आलों. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनांत, निवडीच्या मुलाखतींत, फार काय स्वतःच्या मुलांना, आम्हीं आमच्या शिक्षणाची कथा सांगतांना त्या पाटीचा उल्लेख आवर्जून केला आहे. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावत. पाटी कोणाची, आणि ती मोकळी कशी झाली, हें विचारण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं. आमच्या तर नाहींच.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर अक्का ओट्यावर येऊन बसली. आम्हीं आपले सहज म्हणालों कीं, अक्का, तुला नव्हती आवड, पण नातीला दिसते. ती हंसली. मग तिनें जें सांगितलें तें तिच्याच शब्दांत देतों.

"साळा म्या सोडली न्हाई रं, सुटली. आई खडीवर जायची. धाकटा सात महिन्याचा. दोघांतल्या एकानं घरी ऱ्हायलाच पायजे व्हतं. तू लहान. तुला प्वार उचलत नव्हतं."

थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "मग चार-सा दिवस त्याला कडेवर घिऊन खिडकीपाशी उभी ऱ्हायले. गुरुजी काय म्हनले न्हाईत, चांगला व्हता मानूस. पर हे रडायचं. पोरं हसायची. तूबी हसला व्हतास."

आम्हांला हें आठवत नाहीं. आठवावें म्हणून आम्हीं त्या रात्रीं पुष्कळ खटपट केली. खिडकी आठवते, तिचे गज आठवतात, गुरुजींचा कोट आठवतो. परंतु गजाबाहेर उभी असलेली मुलगी कांहीं केल्या दिसत नाहीं. अक्काच्या बोलण्यांत तक्रारीचा सूर नव्हता. आम्ही लहान होतों, आम्हांला मूल उचलत नव्हतें, हें तिनें दिलेलें कारण खरें आहे. त्याच्या मागें आणखी एक कारण होतें, तें तिलाहि ठाऊक आहे व आम्हांलाहि. तें तिनें उच्चारलें नाहीं.

बाजेवर पडलों, परंतु झोंप येईना. आमच्या शिक्षणाला सरकारनें काय दिलें, याचा हिशेब मनांत सुरू झाला. आमची फी कधीं कोणी भरलीच नाहीं. १९५९ सालीं यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनें गरिबांच्या मुलांना फी माफ करण्याची जी सवलत सुरू केली, जिला आम्ही सारे ई.बी.सी. म्हणत असूं, तिची उत्पन्न-मर्यादा आरंभीं वर्षाला नऊशें रुपये होती व लौकरच ती बाराशें झाली. आमच्या वेळेपर्यंत आंकडे बदलले होते. परंतु दरवर्षीं तलाठ्यापुढें उभें राहून उत्पन्नाचा दाखला आणणें, आणि महाविद्यालयाच्या खिडकींत तो देतांना मागच्या मुलाला दिसूं नये म्हणून पंजा आडवा धरणें, हें कांहीं बदललें नव्हतें. त्या एका कागदावर मराठवाड्यांतल्या एका सबंध पिढीनें पदव्या मिळविल्या. आज तिच्यापैकीं पुष्कळजण आपण स्वतःच्या हिंमतीवर वर आलों असें म्हणतात. आम्हीहि तसें म्हणत आलों आहों.

पुढें १९८० नंतरच्या वर्षांत मुलींना बारावीपर्यंतचें शिक्षण सरकारनें मोफत केलें, तेव्हां अक्काच्या लग्नाला बरींच वर्षें झालीं होतीं. परंतु तें दहा वर्षें आधीं झालें असतें तरी तिला त्याचा काय उपयोग होता? तिची शाळा सुटली ती फीपायीं नव्हे. चौथीला फी ती काय असणार! तिची शाळा सुटली ती एका मुलाच्या वजनापायीं. ज्या रोजगार हमीनें आमची चूल पेटती ठेविली, आणि त्याबद्दल आम्ही तिचे आजन्म ऋणी आहों, त्याच रोजगार हमीनें आईला घराबाहेर नेलें व तिच्या जागीं अक्काला बसविलें. कामावर मुलांसाठीं सांवली आणि पाळणा असावा असें पुढें कायद्यांत लिहिलें गेलें. २००५ च्या राष्ट्रीय कायद्यांतहि असें कलम आहे कीं, कामावर सहा वर्षांखालील पांच मुलें आलीं तर एका बाईला मजुरी देऊन त्यांना संभाळण्यास ठेवावें. हें कलम वाचलेले लोक आम्हांला भेटले आहेत. ती बाई पाहिलेला मनुष्य अजून भेटावयाचा आहे.

एक रुपया आमच्या शिक्षणाच्या इतिहासांत दोनदां येतो. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें जोतीराव फुल्यांनीं जें निवेदन केलें त्यांत निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, अशी मागणी होती. इंग्रज सरकारनें ती मनावर घेतली नाहीं. करून दाखविलें तें सयाजीराव गायकवाडांनीं. १८९३ त अमरेली तालुक्यांत व १९०६ त सबंध बडोदें संस्थानांत. गोखल्यांनीं १९११ त मध्यवर्ती कायदेमंडळांत विधेयक आणलें, तें पुढच्या वर्षीं तेरा विरुद्ध अडतीस मतांनीं पडलें. आणि १९१७ सालीं कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला, त्यांत मुलाला शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. हा पहिला रुपया. आमच्या निजामी मुलुखांत तेव्हां सक्तीचें नांव कशाला. मराठीतून पुढचें शिकावें म्हटलें तर हद्द ओलांडून बार्शी-सोलापूर गांठावें लागे, अथवा १९२१ त याच जिल्ह्यांत हिप्परग्याला लोकांनीं काढलेल्या राष्ट्रीय शाळेसारख्या एखाद्या ठिकाणीं जावें लागे. १९५० च्या राज्यघटनेनें दहा वर्षांच्या आंत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचें शिक्षण देण्याचा यत्न करूं म्हटलें. त्या दहा वर्षांचीं साठ झालीं. शिक्षण-हक्काचा कायदा अंमलांत आला तो १ एप्रिल २०१० रोजीं.

दुसरा रुपया १९९२ चा. पहिली ते चौथींत शिकणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या, भटक्या विमुक्तांच्या व दारिद्र्यरेषेखालील घरांतल्या मुलींना महाराष्ट्र सरकारनें उपस्थितीबद्दल रोज एक रुपया देऊं केला. कल्पना वाईट नव्हती. मुलीचा दिवस घराला उपयोगी आहे, तो शाळेला दिला तर घराचें कांहीं तरी बुडतें, एवढें तरी सरकारनें त्या रुपयानें मान्य केलें. परंतु शाहू महाराजांचा रुपया मजुराच्या कांहीं दिवसांच्या कमाईएवढा होता. हा रुपया जन्मला तेव्हांच चिल्लर होता, आणि पुढें तीस वर्षें उलटलीं तरी त्याचा सव्वा झाला नाहीं. शाळेचे दिवस वर्षाकाठीं दोनशेंच्या वर थोडे. म्हणजे एका मुलीच्या वर्षभराच्या हजेरीची किंमत दोनशें-सव्वादोनशें रुपये. तेवढ्यांत मूल संभाळणारी बाई मिळते काय, हें पुण्यामुंबईच्या आमच्या वाचकांनीं आपल्या घरचा हिशेब पाहून सांगावें.

शिकण्यास लागणाऱ्या खर्चापेक्षां शिकण्यामुळें बुडणारी कमाई मोठी असते, हें जगांत इतरत्र लोकांनीं ओळखलेलें आहे. बांगला देशानें १९९३ त शाळेंत येणाऱ्या गरीब मुलाच्या घरीं महिन्याला पंधरा किलो गहूं देण्यास आरंभ केला. आपल्याकडे १९९५ त मध्यान्ह भोजनाची योजना निघाली तेव्हां बहुतेक राज्यांत मुलाच्या हातीं महिन्याला तीन किलो धान्य पडे. (पुढें सर्वोच्च न्यायालयानें २००१ त शिजवलेलें अन्नच द्या म्हणून आज्ञा केली, तेव्हां खिचडी आली, आणि खिचडीनें जेवढीं मुलें वर्गांत बसविलीं तेवढीं कोणाहि शिक्षणशास्त्रज्ञानें बसविलीं नसतील.) मेक्सिकोनें १९९७ त जी योजना काढली तींत पैसा आईच्या हातीं दिला, इयत्तेबरोबर तो वाढविला, कारण मूल मोठें होतें तशी त्याची मजुरीहि वाढते, आणि माध्यमिक शाळेंत मुलाहून मुलीला अधिक दिला. आपल्याकडेहि १९९६ त शिवकाशीच्या बालमजुरांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असा विचार केला होता कीं, मूल कामावरून काढलें तर मालकानें त्याच्या नांवें वीस हजार रुपये भरावे, आणि सरकारनें घरांतल्या एका मोठ्या माणसाला काम द्यावें, नाहीं तर पांच हजारांची भर घालावी. फटाक्यांच्या गांवानजीकच्या बाजेवर पडून आम्हांला त्या निकालाची आठवण झाली. न्यायाधीशांनीं मुलाचा पगार मोजला. अक्कासारख्या मुलींना पगार नव्हता, म्हणून त्या कोणाच्याच मोजणींत आल्या नाहींत.

आणि गंमत अशी कीं, या रोगावरचें औषध शोधण्यासाठीं मेक्सिकोला जाण्याचें कारणच नाहीं. ताराबाई मोडकांनीं १९४५ त ठाण्याकडे बोर्डीला ग्राम बाल-शिक्षण केंद्र काढलें, आणि पुढें अनुताई वाघांसह त्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासींच्या मुलांत गेल्या. मुली शाळेंत कां येत नाहींत, तर कडेवर भावंड आहे म्हणून. हें त्या दोघींनीं पाहिलें आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा हीं एकाच आवारांत आणलीं. मुलीनें भावंडाला घेऊन यावें, पाळण्यांत घालावें, व आपण वर्गांत जावें. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं त्या शाळाच कुरणावर घेऊन गेल्या. पुढें देशभर अंगणवाड्या झाल्या. १९७५ पासून आजवर त्यांची संख्या लाखांवर गेली. परंतु अंगणवाडी म्हणजे पाळणाघर नव्हे. आठ महिन्यांचें मूल सकाळीं ठेवून संध्याकाळीं न्यावें अशी सोय तेथें नसते. कोसबाडच्या टेकडीवरून आम्हीं नांव तेवढें खालीं आणलें, पाळणा वरच राहिला.

सकाळीं आम्हीं दोन गोष्टी सुचविल्या. पहिली अशी कीं, उचल किती आहे ती सांगावी, ती आम्ही भरतों, यंदा कोणीच जाऊं नये. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही यंदाची भराल. ती आखाडातच घेतली, बोअरला गेली, अन् बोअरला पाणी न्हाई. फुडल्या साली काय?" रक्कम लाखाच्या घरांतली होती. आम्हीं ती सहज देऊं शकलों असतों असें नाहीं. परंतु त्यानें नाहीं म्हटल्यावर आम्हांला हायसें वाटलें, हें येथें लिहून ठेवतों. दुसरी गोष्ट, मुलीला आम्ही पुण्यास नेतों. हें आमचें म्हणणें संपण्यापूर्वींच घरांतली चौथी खोली कोणती, ती आहे काय, सौभाग्यवती काय म्हणतील, असे विचार मनांत येऊन गेले होते. ते चेहऱ्यावर दिसले असावेत. अक्का म्हणाली, "नगं. तिथं तिचं कोन हाय?" तेथें आम्ही आहों, असें उत्तर देतां आलें असतें. तें दिलें नाहीं.

मग तिनें स्वयंपाकघराच्या दाराशीं टांगलेली आपली पिशवी काढली, तींत दोन लुगडीं घातलीं आणि सुनेला म्हणाली, "प्वार म्या घेते. चल. मला काय पैलंच हाय व्हय?"

ती आतां साठ वर्षांची आहे. गुडघे दुखतात म्हणून ती पाटावर बसत नाहीं. फडावर खोप करून राहावयाचें, पहांटे तीनला गाडी भरण्यास उठावयाचें, थंडींत पोर घेऊन शेकोटीपाशीं बसावयाचें. दाजी कांहीं तरी बोलूं लागले. तिनें त्यांच्याकडे पाहिलें मात्र, ते गप्प झाले. आम्हीं म्हणालों, अक्का, या वयांत कशाला? ती म्हणाली, "धा वर्साची व्हते तवा जमलं. आता न जमायला काय झालं?" भाचेसून रडूं लागली. अक्का तिच्यावर रागावली, कारण निघण्याच्या वेळीं रडणें बरें नव्हे.

अर्जावर पालकाची सही तिनेंच केली. चौथीच्या शाळेंत शिकलेलीं अक्षरें तीं. गोल, एकमेकांपासून लांब, आणि प्रत्येकावर स्वतंत्र रेघ ओढलेली. सही पुरी होण्यास चांगला वेळ लागला, व तेवढ्या वेळांत अंगणांत कोणी बोललें नाहीं. परंतु आम्ही अर्ज घेऊन शाळेंत गेलों तेव्हां असें कळलें कीं, जो पालक मागें राहणार त्याचीच सही हवी. मास्तर भला मनुष्य. त्यानें दुसरा कोरा अर्ज दिला, नांवांतले फरक स्वतः दुरुस्त केले, आणि दाजींचा अंगठा घेऊन या म्हणून सांगितलें. पहिला अर्ज रद्द झाला. मागची बाजू कोरी होती म्हणून नातीनें तो गणितें सोडविण्यासाठीं आपल्या दप्तरांत ठेविला.

ट्रॅक्टर तिसऱ्या दिवशीं आले. आम्ही तोंवर राहिलों. महाविद्यालयाला तार करण्याचे दिवस गेले, भ्रमणध्वनीवर एक ओळ धाडली. दोन जोडगाड्या होत्या. त्यांवर पेट्या, पाण्याचीं पिंपें, शेळ्या, कडब्याच्या पेंढ्या, आणि सर्वांत वर माणसें. अक्काला दोघांनीं हात देऊन वर चढविलें व मग मूल तिच्या हातीं दिलें. तिनें तें डाव्या कडेवर घेतलें. नात आजोबांचें बोट धरून उभी होती. तिच्या पाठीवर दप्तर होतें, कारण शाळेची वेळ झाली होती. गाडी वळणापलीकडे गेल्यावर ती धांवत शाळेकडे गेली. तिनें मागें पाहिलें नाहीं. पाहिलें असतें तर बरें होतें कीं वाईट, तें आम्हांला ठरवितां येत नाहीं.

दुपारच्या बसनें आम्ही निघालों. येडशीच्या पुढें बार्शीच्या रस्त्याला लागल्यावर तसल्या गाड्यांची रांगच्या रांग दिसली. आम्ही खिडकींतून पाहत होतों. परंतु प्रत्येक गाडीवर डोक्यावरून पदर घेतलेली, कडेवर मूल धरलेली एक तरी म्हातारी बाई होती, आणि बस वेगांत होती. कंडक्टरनें दोनदां विचारलें कीं कोठें जावयाचें. आम्हीं पुण्याचें तिकीट घेतलें.